चांदणी गेली, इंजिन राहिलं

आमच्या देहूरोडला एकही मोटार तयार होत नाही. दारूगोळा डेपोमुळे भोवती रेड झोन आहे. त्या हद्दीत घरावर एक मजला चढवायचा म्हटलं तरी लोकांना घाम फुटतो, तिथं कारखान्याचं नाव कोण काढणार? पण फोनवर नकाशा उघडा, देहूरोडवर बोट ठेवा आणि साधारण वीस किलोमीटरचं वर्तुळ काढा. आग्नेयेला आकुर्डी, चिंचवड, पिंपरी येईल. ईशान्येला इंद्रायणी ओलांडली की येलवाडी, खालुंब्रे, महाळुंगे, निघोजे, चाकण. वायव्येला तळेगाव. मुंबईहून येणारा एक्स्प्रेसवे आमच्या शेजारी किवळ्याला संपतो. या वर्तुळात ट्रक बनतात, टेम्पो बनतात, दुचाक्या बनतात आणि मर्सिडीजही बनते. निदान ‘बनते’ असं आपण म्हणतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, हिंजवडीत. गाडीतला बिघाड ओळखणारं सॉफ्टवेअर एका परदेशी मोटार कंपनीसाठी लिहिणं, हे माझं काम. पप्पा भोसरीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये तीस वर्षं होते. ज्या साच्यात पत्रा दाबून भाग काढतात, तो साचा घडवणारे. त्यामुळे आमच्या घरात मोटारींविषयीचं बोलणं जरा वेगळं असतं. रस्त्यानं नवीकोरी मर्सिडीज गेली की चुलतभाऊ तिचं मॉडेल आणि किंमत सांगतो. पप्पा एवढंच विचारतात, “त्यातलं आपलं काय रे?”

प्रश्न खवचट वाटतो, पण तो हिशेबाचा आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला लागलं की मर्सिडीजचा इथला इतिहास कंपनीच्या वेबसाइटवर असतो तसा सरळ राहत नाही.

सरळ इतिहास असा. १९९४ साली मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली, टेल्कोच्या म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या भागीदारीत. १९९५मध्ये पिंपरीत टेल्कोच्याच आवारात गाड्या जोडायला सुरुवात झाली. २००९मध्ये कंपनी चाकणला स्वतःच्या शंभर एकरांच्या कारखान्यात गेली. पहिल्या ५०,००० गाड्या व्हायला २०१४ उजाडलं, म्हणजे १९ वर्षं. त्यानंतर वेग इतका वाढला की २०२५मध्ये दोन लाखावी गाडी लायनीवरून उतरली. ती विजेवर चालणारी होती.

या गोष्टीत सगळं खरं आहे. फक्त ती उशिरा सुरू होते.

मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी भारतात बनणाऱ्या वाहनावर पहिल्यांदा आली ती श्रीमंतांच्या मोटारीवर नाही, ट्रकच्या नाकावर. १९५४ साली टेल्कोनं डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बनू लागले. गोल बॉनेट, समोर चांदणी. कांदा, साखर, सिमेंट, सगळं तिच्यामागून गेलं. १९६९मध्ये करार संपला. चांदणी उतरली आणि तिच्या जागी इंग्रजी ‘टी’ बसला. ट्रक मात्र थांबले नाहीत. रस्त्यावरच्या माणसाला नाकावरचं चिन्ह बदललं एवढंच दिसलं असेल. आतला बदल मोठा होता. पंधरा वर्षांत गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत सगळं इथं करता येऊ लागलं होतं, म्हणून गुरू निघून गेल्यावरही दुकान चालू राहिलं.

याच काळात, १९६६च्या सुमारास, टेल्को पिंपरी-चिंचवडला आली. सुमंत मुळगावकर तेव्हा टेल्कोचे कर्तेधर्ते होते. ‘सुमो’ हे गाडीचं नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं, हे अनेकांना माहीत असतं. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुण्याच्या कारखान्यात त्यांनी आधी ट्रक बनवायला घेतला नाही. आधी मशीन टूल्स बनवली, प्रेस टूल्स बनवली, पोरांना शिकवायला प्रशिक्षण विभाग काढला. पुण्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते १९७७मध्ये. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ हा कारखाना मुख्यतः गाडी बनवण्याची यंत्रं आणि गाडी बनवणारी माणसं बनवत होता.

आजच्या भाषेत कुणी हे मांडलं, तर गुंतवणूकदार उठून जातील. पण पप्पांचे उस्ताद त्या प्रशिक्षणातून तयार झालेले. ते पुढं टेल्को सोडून भोसरीच्या टूलरूममध्ये आले आणि त्यांनी पप्पांना फाईल धरायला शिकवली. पहिले सहा महिने फक्त फाईल. लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा, उजेडाकडे धरून गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. पप्पा कधी टेल्कोच्या गेटातून आत गेले नाहीत, पण टेल्को त्यांच्या हातात आली. या पट्ट्यात असे हजारो हात आहेत. कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात ते दिसत नाहीत.

आता दुसरी वाट. ही माझी आवडती आहे, कारण ती आमच्या मामाच्या गाडीतून जाते.

‘टेम्पो’ हा शब्द आपण इतका मराठी करून टाकलाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. भाजीचा टेम्पो, घर बदलायचा टेम्पो, गणपतीचा टेम्पो. हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. विडाल आणि मुलगा अशी ती घरगुती कंपनी तीनचाकी मालगाड्या बनवायची. १९५८मध्ये तिच्या सहकार्यानं भारतात बजाज टेम्पो सुरू झाली. फिरोदियांची कंपनी, पुढं आकुर्डीत विस्तारली. २००५पासून तिचं नाव फोर्स मोटर्स. तिकडं हॅम्बुर्गची मूळ कंपनी एका मोठ्या कंपनीच्या पोटात गेली, ती आणखी मोठीच्या, आणि असं करत करत तो धंदा डाइमलर-बेंझकडे आला. त्यामुळे आकुर्डीचं नातं आपोआप थेट मर्सिडीजशी जुळलं.

त्या नात्यातून १९८०च्या दशकात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे ‘ओएम ६१६’ नावाचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन. जर्मनीत ते मर्सिडीजच्या ‘२४० डी’ गाडीत बसायचं. ही गाडी तिकडं टॅक्सीवाल्यांची लाडकी होती. पळायला मंद, पण मरत नाही अशी तिची ख्याती. दुसरी गोष्ट म्हणजे मर्सिडीजच्या ‘टी १’ व्हॅनचा आराखडा. त्यावरून १९८७मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली. आज लग्नाच्या वऱ्हाडापासून शिर्डीच्या सहलीपर्यंत आणि कॉल सेंटरच्या रात्रपाळीपासून वारीला जाणाऱ्या मंडळींपर्यंत सगळ्यांना वाहून नेणारी हीच ती ट्रॅव्हलर.

मामा तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रॅक्स चालवायचा. बसायची जागा नऊ-दहा जणांची, त्यात पंधरा-सोळा माणसं आणि टपावर कांद्याची पोती. ट्रॅक्समध्ये तेच मर्सिडीजच्या घराण्यातलं इंजिन. मी कॉलेजात असताना हे वाचलं आणि त्याला जाऊन सांगितलं, “मामा, तुझी गाडी आतून मर्सिडीज आहे.” तो बॉनेट उघडून डिझेल फिल्टर बदलत होता. म्हणाला, “म्हणूनच सोळा माणसं घेऊन पळती. बाहेरून असती तर दोनच बसली असती.”

मामाच्या उत्तरात मला धंद्याचं एक सूत्र सापडतं. एकाच कारखानदारानं घडवलेली वस्तू दोन वाटांनी आपल्याकडं आली. एक वाट चांदणीसकट, दुसरी चांदणीशिवाय. चांदणीशिवाय जी आली, ती इथं मुरली. तिचे सुटे भाग इथं बनू लागले, तिची दुरुस्ती चाकणपासून जुन्नरपर्यंतच्या प्रत्येक मेस्त्रीला जमू लागली. पुढं कॉमन रेलचं नवं इंजिनही मर्सिडीजच्याच परवान्यावरून आलं आणि फोर्सनं ते आपल्या गाड्यांसाठी वाढवलं. परवाना घेणं, पचवणं, मग स्वतःचं काहीतरी करणं, या तीन पायऱ्या आहेत. तिसरी पायरी पहिल्या दोन चढल्याशिवाय येत नाही.

आणि चांदणीसकट जी आली, तिचं काय?

१९९५मध्ये पिंपरीत जोडायला घेतलेली पहिली मोटार म्हणजे ‘डब्ल्यू १२४’ घराण्यातली ई २२०. मजबुतीसाठी ही गाडी आजही नावाजली जाते. पण त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा नव्या गोल दिव्यांच्या ई-क्लासनं घेतली. म्हणजे तिकडं ज्या ताटाचा हात धुऊन झाला होता, ते इकडं वाढलं गेलं. इथल्या श्रीमंत गिऱ्हाइकाचे नातेवाईक दुबईत आणि लंडनमध्ये होते, त्याला हे कळायला वेळ लागला नाही. विक्री रखडली. या अनुभवानंतर हळूहळू नवी मॉडेल्स लवकर येऊ लागली. २०२२मध्ये ईक्यूएस ही विजेवरची मोठी सेडान चाकणला जोडायला सुरुवात झाली, तेव्हा जर्मनीबाहेर ती जोडणारा भारत पहिला देश होता. ताटापासून पंगतीपर्यंतचा हा प्रवास २७ वर्षांचा.

पण ‘जोडणं’ म्हणजे काय, इथं खरी मेख आहे.

अख्खी गाडी परदेशातून आणली तर महागड्या मोटारीवर आयात शुल्क गेली बरीच वर्षं १०० टक्के होतं, म्हणजे किमतीइतकाच कर. तीच गाडी सुट्या भागांच्या संचात आणून इथं जोडली तर शुल्क एकदम खाली येतं. मग सरकारनं विचारलं, सुटं म्हणजे किती सुटं? इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडून आणला असेल तर आधी ३० टक्के, २०२३पासून ३५ टक्के. तेही सुट्या भागांत आणून इथं जोडलं तर आधी १० टक्के, २०१८पासून १५ टक्के. म्हणजे इंजिनाचे नट जर्मनीत आवळायचे की चाकणमध्ये, यावर कोट्यवधी रुपये ठरतात. बाजारात आपण जिला ‘मेड इन इंडिया’ म्हणतो, ती बऱ्याच अंशी कस्टमच्या तक्त्यातली एक ओळ असते.

आता गंमत पाहा. मर्सिडीजच्या भारतातल्या गाड्यांसाठी इंजिनं आणि ॲक्सल कोण जोडतं? फोर्स मोटर्स. मामाच्या ट्रॅक्सवाली. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून ती हे काम करते आहे आणि त्यासाठी तिचा चाकणला वेगळा कारखाना आहे. पुढं बीएमडब्ल्यूनंही चेन्नईत इंजिनं जोडण्यासाठी तिलाच बोलावलं. जर्मनीतल्या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या इंजिनासाठी एकाच मराठी मुलखातल्या टेम्पोवाल्यावर भरवसा ठेवला. कारण या कंपनीला जर्मन इंजिन उघडायची, बसवायची, तपासायची सवय कित्येक वर्षांची होती. ही सवय कुठून आली? शेताच्या बांधावर, घाटात आणि एसटी न पोहोचणाऱ्या वाड्यांवर पळणाऱ्या गाड्यांतून. अलिशान मोटारीच्या इंजिनाला विश्वास पुरवला तो ट्रॅक्सनं.

मला वाटतं, पप्पांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं मिळतं. त्यातलं आपलं म्हणजे तो विश्वास.

उरलेलं निम्मं उत्तर तितकं गोड नाही. २०२४मध्ये मर्सिडीजनं भारतात १९,५६५ गाड्या विकल्या. कंपनीसाठी तो उच्चांक होता. पण देशात त्या वर्षी सगळ्या मिळून चाळीस लाखांच्या वर मोटारी विकल्या गेल्या, त्यात हा वाटा अर्धा टक्काही नाही. इतक्या थोड्या संख्येसाठी पत्रा दाबायचे नवे साचे कुणी बनवत नाही. एका दाराच्या साच्याचा खर्च निघायला लाखो दारं लागतात. म्हणून पप्पांच्या टूलरूममध्ये ट्रकचे साचे आले, रिक्षाचे आले, दुचाकीच्या टाकीचे आले, पण चांदणीवाल्या गाडीचा एकही आला नाही. हा कुणाचा कट नाही, हा संख्येचा नियम आहे. साचा जिथं बनतो तिथं कौशल्य राहतं. संच जिथं उघडतात तिथं शिस्त राहते, पगार राहतो, पण कौशल्य थोडंच राहतं. शिस्तही कमी महत्त्वाची नाही. शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीजच्या मदतीनं मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम चालतो, त्यातून शिकलेली पोरं मी पाहिली आहेत. पान्यावर किती जोर लावायचा हे ती अंदाजानं नाही, आकड्यानं सांगतात. पण आकडा सांगणं आणि तो आकडाच का, हे माहीत असणं यात फरक असतो. तो ‘का’ अजून ज़िंडेलफिंगेनमध्ये ठरतो.

इथपर्यंत मी जणू दुसऱ्यांचा हिशेब मांडतोय. माझ्या कामाचा हिशेब वेगळा नाही.

आजच्या मोटारीत सगळ्यात महाग होत चाललेला भाग बोल्टनं बसत नाही. तो कोड असतो. लायनीच्या शेवटी गाडीत सॉफ्टवेअर भरलं जातं, मगच ती गाडी म्हणून जागी होते. हा भाग न्हावाशेवाला कंटेनरमधून उतरत नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या कोडवर आयात शुल्क नाही, त्यामुळे तो किती सुटा आणि किती जोडलेला हे विचारायला कस्टमचा साहेबही नाही. हिंजवडीत आम्हाला जे येतं ते असंच संचात येतं. नियमांचं जाड पुस्तक, तिकडं ठरलेली रचना, ठरलेली नावं. आम्ही रकाने भरतो, चाचण्या लावतो, पाठवतो. सेन्सरनं अमुक आकडा दिला की अमुक बिघाड नोंदवायचा. तोच आकडा का, हे पुस्तकात नसतं. तो आकडा ठरवण्यासाठी कुणीतरी बर्फात आणि वाळवंटात गाडी फिरवलेली असते, आणि ती नोंदवही आमच्याकडं कधीच येत नाही.

आमच्या प्रोजेक्टचा करार तीन वर्षांचा आहे. संपला की तो दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या देशात जाईल. टीममध्ये चर्चा असते ती पुढचं काम कुठलं मिळेल याची. माझ्या डोक्यात मात्र १९६९ घोळत राहतं. चांदणी उतरली त्या दिवशी जमशेदपूरच्या लोकांकडं ट्रक होता. आमच्यावरची चांदणी उतरेल त्या दिवशी आमच्याकडं काय असेल? स्वच्छ कोड लिहायची सवय असेल, सकाळच्या मीटिंगा असतील, चांगला पगार घेतल्याच्या आठवणी असतील. म्हणजे शिस्त. साचा असेल का?

मला यातून घाबरवणारा निष्कर्ष काढायचा नाही. फोर्सकडंही सुरुवातीला दुसऱ्याचा आराखडाच होता. परवान्यावर काम करणं यात कमीपणा नाही. या पट्ट्यातला प्रत्येक मोठा कारखाना कधीतरी कुणाचा तरी शागीर्द होता. फरक पडला तो शागिर्दीच्या काळात कुणी काय उचललं यानं. मुळगावकरांनी आधी यंत्रं बनवायला घेतली, कारण त्यांना ट्रकपेक्षा ट्रक बनवण्याची विद्या हवी होती. आमच्या क्षेत्रात त्या विद्येचं रूप म्हणजे तपासणीची बाकडी, स्वतः घेतलेली मोजमापं, स्वतः लिहिलेली अवजारं. ती कुणी आयती देत नाही, आणि ती करू नका असंही कुणी म्हणत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी आणि कॉलेजचे दोघं मित्र रविवारी मामाच्या गॅरेजवर बसतो. मामानं गाडी चालवणं सोडून ट्रॅव्हलर दुरुस्तीचा धंदा टाकलाय. जुन्या ट्रॅक्समध्ये आम्हाला काही काम नाही. तिच्यात कॉम्प्युटरच नसतो. “तुझ्या लॅपटॉपची वायर घालायला हिला भोकच नाय,” असं मामा पहिल्याच दिवशी म्हणाला. पण नव्या ट्रॅव्हलर कॉम्प्युटरवर चालतात, आणि बिघाडाचा दिवा लागला की मेस्त्री हतबल होतो. आम्ही गाड्यांना वायर लावून आकडे गोळा करतो. घाट चढताना किती तापमान, सतरा माणसं बसल्यावर किती दाब, उन्हाळ्यात जेजुरीच्या वाटेवर काय आणि पावसात माळशेजला काय. एकेका गाडीची एकेक वही. अजून त्यातून विकण्यासारखं काहीच झालेलं नाही. पण त्यात एक तक्ता असा आहे की त्यातला प्रत्येक आकडा तोच का आहे, हे मला सांगता येतं.

पप्पांनी तो तक्ता चष्मा लावून पाहिला. त्यांना कोड कळत नाही, मोजमाप कळतं. एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “इथं दोनदाच मोजलंय. तिसऱ्यांदा मोज.”